वरच्या मजल्यावरचा बाक

रविंद्र रामटेके जिना चढून वर आला, बाकाच्या टोकाला बसला आणि रुमालाने मान पुसू लागला. त्याला काहीही झालेलं नव्हतं. तो स्वतः मानसशास्त्रज्ञ होता. पण बुधवार होता, आणि बुधवारी पेशंटसारखं बसण्याची पाळी त्याची होती.

आतल्या खोलीत अरुंधती देव एकट्याच होत्या. चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात त्यांनी कॉलेजातली नोकरी सोडून धंतोलीत ही खोली घेतली आणि दारावर 'सल्लागार मानसशास्त्रज्ञ' अशी पाटी लावली. गल्लीत दवाखान्यांना तोटा नव्हता. सगळ्या विदर्भातून माणसं येत, खालच्या पायऱ्यांवर डबे उघडून जेवत, पाटी वाचत आणि नजर वळवत. या जिन्यावर चढताना आपल्याला कोणी पाहावं, असं कोणालाच वाटत नव्हतं. घरमालक डॉक्टर गिरिधर हाडांचे डॉक्टर. त्यांचा दवाखाना खालीच होता आणि एक्स-रेच्या मशिनला त्यांना जागा हवी होती.

"दिवाळीपर्यंत बघा, ताई," ते म्हणाले होते. "नाही चाललं तर खोली मला द्या."

नागपुरातल्या सल्लागार मानसशास्त्रज्ञांची संघटना तेव्हा एका सतरंजीवर मावेल एवढी होती. बाकीचे सगळे नोकरीतले. पाण्यात उडी टाकली होती ती फक्त अरुंधतीबाईंनी. अध्यक्ष अनंतराव घाटे बैठकीत म्हणाले, "रिकाम्या दुकानात गिऱ्हाईक शिरत नाही. आपण आळीपाळीने जाऊन बसू."

"हे खोटं नाही का होणार?" प्रेमलता चौबळने विचारलं. ती सगळ्यांत तरुण आणि सगळ्यांत परखड.

"नुसतं बसायचं. कोणी विचारलं तर खोटं बोलायचं नाही."

तेव्हापासून ही मंडळी बसत होती. विचारायला मात्र कोणी आलं नव्हतं.

त्या बुधवारी जिन्यावर पावलं वाजली. हिरव्या लुगड्यातली एक बाई वर आली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. तिचा उजवा हात मांडीवर ठेवल्यासारखा पडला होता.

"खाली बसायले जागाच नाई," ती म्हणाली. "भाऊ म्हणे, वर जाऊन टेक. कुहीवरून आलो आमी. मी रुखमाबाई."

रविंद्रने मान हलवली. त्याचंही गाव कुहीच्या बाजूचंच. शिकायला नागपूरला आल्यापासून त्याने आपली बोली घासूनपुसून काढली होती. सरकारी कचेरीत पोरांना व्यवसाय मार्गदर्शन करताना त्याच्या तोंडून चुकूनही 'मले' येत नसे.

"तुमाले का झालं जी?" बाईने विचारलं.

त्याने दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "मले काई नाई झालं बाई. मी तं नुसता बसून राहिलो. हाडाचा दवाखाना खालीच आहे. इथं बोलाले येते मानूस. मनातलं."

"नुसतं बोलाचं?"

"हो."

डाव्या हाताने उजवा हात उचलून तिने त्याच्यापुढे धरला, आणि सोडला. तो मांडीवर आपटला.

"डाक्टर म्हणते, हाड चांगलं आहे. फोटो काढला, सुई टोचली. बोलून उठते का हा?"

"कवा कवा उठते."

खाली कोणाचं तरी नाव पुकारलं गेलं. रुखमाबाईने पदर तोंडाशी धरला आणि ती बोलायला लागली. पोरगा, गोविंदा. शाळा सोडून पानठेल्यावर बसायचा. पोळ्याच्या दिवशी चार पाहुण्यांसमोर तिने त्याला मारलं. याच हातानं. पोरगा त्याच पावली घरातून निघून गेला. बल्लारपूरला तिच्या मामेभावाकडे आहे, एवढं कळलं होतं.

"त्यानं उलटून शिवी देल्ली असती तं बरं झालं असतं जी. नुसता पाहे माह्याकडे."

"मंग हात कवा पडला?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी. भाकर थापाले बसली, तं उठेच ना."

एवढं बोलून ती स्वतःच थबकली. आपल्या हाताकडे बघत राहिली, जणू तो दुसऱ्याच कोणाचा होता. रविंद्र बाकावर सरकून थोडा जवळ बसला, एवढंच.

दार उघडलं. अरुंधतीबाई उभ्या होत्या.

"जा ना, बाई," रविंद्र म्हणाला.

"तुमचा लंबर आहे ना?"

"मी मांगून जाईन."

ती आत गेली आणि दार लागलं. रविंद्र उभा राहिला, पुन्हा बसला, आणि आपण हसतो आहोत हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.

रुखमाबाई नंतरही येत राहिली. तिचा भाऊ धोंडबा बल्लारपूरला जाऊन भाच्याला भेटून आला. मग एकदा आईबरोबर गोविंदाही जिना चढला, मागे मागे, खालमानेने. दसरा उलटल्यावर एका सकाळी डॉक्टर गिरिधर खालच्या व्हरांड्यात पेशंट तपासत होते. जिना उतरून रुखमाबाई तिथे आली, खुंटीला अडकवलेली पिशवी तिने उजव्या हाताने काढली आणि खांद्याला लावली. डॉक्टरांनी ओळखलं. एक्स-रे त्यांनीच काढला होता.

"थांबा, बाई. औषध कोणाचं घेतलं?"

"औषध नाई जी," रुखमाबाई मोठ्याने म्हणाली. व्हरांडाभर माणसं ऐकत होती. "बोलली मी. वरच्या बाईजवळ."

डॉक्टर तिचा हात वर-खाली करून बराच वेळ बघत राहिले. त्या आठवड्यात त्यांनी तीन पेशंट स्वतः वर पाठवले, आणि दिवाळी आली तरी खोलीचं नाव काढलं नाही. डिसेंबरात रविंद्र आपल्या बुधवारी गेला, तर बाकावर जागा नव्हती. तो जिन्यातच उभा राहिला. मग एका म्हाताऱ्याला वाट करून द्यावी लागली, म्हणून खाली उतरला.

जानेवारीची बैठक अनंतरावांच्या घरी भरली. तिळाच्या वड्या आल्या, चहा आला. संघटनेच्या वार्तापत्रासाठी बातमी लिहायला अनंतरावांनी पेन उघडलं.

"आमच्या सदस्या श्रीमती अरुंधती देव यांनी..."

"थांबा," अरुंधतीबाई म्हणाल्या. "बातमी तशी नाही. त्या दिवशी मी दाराच्या आत उभी होते. कडीवर हात होता, पण उघडवेना. ती बाई जे बोलली ते बाकावर बोलली. माझ्यासमोर आली तेव्हा शहाण्यासारखं शुद्ध बोलायला लागली. तिला परत कुहीच्या बोलीवर आणायला मला तीन आठवडे लागले."

सगळ्यांनी रविंद्रकडे पाहिलं. प्रेमलताने सगळ्यांत आधी टाळी वाजवली, मग बाकीच्यांनी. अनंतरावांच्या पत्नी यमुताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि काय झालं ते न कळताच त्याही हसल्या.

"मग नाव रामटेक्यांचंही घालतो," अनंतराव म्हणाले. "रविंद्र रामटेके. बरोबर?"

"बरोबर आहे, सर." रविंद्रने कप खाली ठेवला. "पुढे पत्ताही घाला."

"घराचा?"

"नाही. माझ्या नव्या खोलीचा. जरीपटका, बाजाराच्या मागे, पहिला मजला. नोकरीचा राजीनामा सोमवारी दिला."

अनंतरावांचं पेन कागदावर तसंच टेकलेलं होतं आणि शाईचा ठिपका मोठा होत चालला होता. अरुंधतीबाईंनी वडीची ताटली उचलून त्याच्यापुढे धरली.

"बुधवार माझा," प्रेमलता म्हणाली. "मी येऊन बसेन."

"या ना," रविंद्र म्हणाला. "पण जागेचं काही सांगता येत नाही. पाटी लागायची आहे अजून, मी झाडू मारून राहिलो होतो, तं दोन माणसं येऊन बसलीसुद्धा."