सहावं माणूस

निर्वासितांच्या छावणीत वेळेची किंमत कुणालाच नव्हती, तरी घड्याळजी रोज सकाळी पेटी उघडून दारात बसे. मागे पत्र्याची एकच खोली आणि तिच्यात सहा वर्षं सहा माणसं: तो, बायको, तीन मुली आणि दोन्ही डोळ्यांनी आंधळी आई. थोरली मुलगी चौदाची झाली होती. छावणीची शाळा सातवीला संपे, आणि पन्नाशीचे विधुर तिला मागणी घालायला येऊ लागले होते. तिच्या पायात बेडी पडण्याआधी इथून निघायचं, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत असे.

अशात फळ्यावर नोटीस लागली. एक देश या वर्षी दोनशे जणांना कायमचं घेणार होता. एका कुटुंबात माणसं मात्र पाचच.

घड्याळजी सल्ल्याला गेला तो कायदेपंडिताकडे. हा गृहस्थ पूर्वी बसमध्ये कंडक्टर होता, आणि कुणी बसायचं, कुणी उतरायचं हे आपणच ठरवतो असं त्याला अजून वाटे. नोटिशीची पहिली ओळ वाचून उरलेली तो मनाने पुरी करी.

"सोप्पं आहे," तो म्हणाला. "म्हातारीला उतरवा. पळताना गर्दीत चुकून आमच्या कुटुंबाच्या कार्डावर चढली, आमची कुणी नाही, असं लिहून द्या."

"जीभ झडेल तुझी," घड्याळजी म्हणाला. पण घरी येऊन त्याने हे बायकोला सांगितलं, तेही आई ऐकेल अशा आवाजात. माणूस वाईट नव्हता. लबाडी दुसऱ्याने सुचवली की तेवढीच आपली कमी होते, असं मानणाऱ्यांतला होता.

बायको भांडी घासत राहिली. आईच म्हणाली, "बरोबर बोलतोय तो. माझे किती दिवस राहिलेत? पोरीचं बघ."

"आई, असं कसं बोलतेस गं?" तो म्हणाला. त्याने नाही म्हटलं नाही, हे तिघांच्याही लक्षात आलं.

मुलाखतीला आई नेहमीसारखी त्याच्या शर्टाचं टोक धरून गेली. दाराशी तिने ते आपणहून सोडलं आणि भिंत चाचपत खुर्ची गाठली.

"भली माणसं आहेत, बाईसाहेब," ती अधिकारी बाईंना म्हणाली. "दोन घास घालतात. पण रक्ताचं यांच्यात माझं कुणी नाही."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "तुम्हाला मान्य आहे?"

"मान्य आहे," तो म्हणाला आणि त्याने सही केली. स्वतःच्या आईसमोर असं म्हणणाऱ्याचं काय करावं? पण त्या क्षणी त्याला हलकं वाटलं, हेही खरं.

तीन महिन्यांनी यादी लागली. तीत त्यांची पाच नावं नव्हती. आईचं होतं, सगळ्यात वर.

घड्याळजी धावत खिडकीशी गेला. कारकुनाने कंटाळत फाईल उघडली. "तुमच्या कार्डावर एक आंधळी म्हातारी होती ना? निवडीत तिचे गुण मिळत होते तुम्हाला. ती गेली, गुण गेले. आता धडधाकट नवरा-बायको, हातात कसब, तुम्हाला कोण घेतंय? तिची मात्र वेगळी फाईल झाली: आंधळी, वृद्ध, जगात कुणी नाही. पैकीच्या पैकी."

"पण पाचच माणसं..."

"खालची ओळ वाचली नाही? अपंग माणूस असेल तर पाचाची अट नाही."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते असं. कायदेपंडित आता नजर चुकवून म्हणाला, "खरं सांगू नका हं. खोटं बोललेली फाईल जन्मभर बंद, सगळ्यांची. आणि म्हातारीने नकार दिला तर चौकशी लागेल." या वेळी तो बरोबर होता.

आई जायला तयार नव्हती. "मला तिथे पाणी कोण देईल रे?" ती एकदाच म्हणाली. मग थोरलीच्या डोक्यावरून हात फिरवून तिने गाठोडं बांधलं.

बसच्या दिवशी नातेवाइकांना दारापर्यंत सोडत होते, परक्यांना दोरीच्या अलीकडे उभं केलं होतं. घड्याळजी दोरीशी उभा राहिला. पाया पडायचीही सोय नव्हती. पायरीवर आईचा हात हवेत फिरला, शेजारच्या शिपायाच्या शर्टाचं टोक त्याला सापडलं, आणि ते धरून ती आत गेली.

अधिकारी बाई त्याच्याजवळ आल्या. त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. "परके असून किती केलंत तुम्ही. बिचारीला एखादा मुलगा असता तर! तिकडे गेलेल्या आईला मुलगा, सून, नातवंडं, सगळ्यांना बोलावता येतं. त्याला ना कोटा, ना गुण."

बस हलली. बाई उत्तराची वाट पाहत होत्या.

"हो ना," घड्याळजी म्हणाला. "मुलगा असायला हवा होता."