म्हातारीने पेरलेला उतार

टेकडीचा उतार इतका बोडका झाला होता, की गायी तिथे चरायला जायच्या आणि एकमेकींची तोंडं बघून परत यायच्या. यंदा तिथे गवत आलं नाही तर दोन गायी विकायच्या, असं घरात ठरलं होतं. त्यात आबांची लाडकी म्हातारी गाय पहिली. म्हणून सुनेने चाऱ्याच्या गवताचं पोतंभर बी आणलं. आणि आबांनी त्यातलं बरंचसं भुसा समजून, भिजवून, आठवडाभर त्या म्हातारीलाच चारलं!

"आबा, पोतं निम्मं कसं झालं?"

"उंदीर फार माजलेत," आबा म्हणाले आणि चहात तोंड लपवलं.

उरलेलं बी उताराच्या खालच्या पट्ट्यातच पेरून संपलं. आबांच्या जिवाला घोर लागला. रोज काठी टेकत ते उताराच्या पायथ्यापर्यंत जायचे आणि मान खाली घालून परत यायचे.

महिन्याभराने वर चढून बघतात तर काय, उतारावर म्हातारीने जिथे जिथे शेण टाकलं होतं, तिथे तिथे परातीएवढा हिरवागार गोल! चांगले पन्नास तरी असतील. आबा म्हणतात पाचशे.

मागून सून आली. "तुमचे उंदीर बरेच लांबवर पेरणी करतात की, आबा!"

आबांनी मिशीला पीळ दिला. "मी म्हटलं, बियाबरोबर खतही जाऊ दे."

सून पोट धरून हसली. "गवत गुडघाभर होईपर्यंत इथे एकाही गायीला सोडायचं नाही. आणि गाय विकायचं नाव काढायचं नाही."

आबा तडक गोठ्यात गेले. म्हातारीपुढे घमेलं ठेवून म्हणाले, "सावकाश जेवा, पेरणीवाल्या बाई."