केस वाढेपर्यंत

मी एक जुनं कानाचं मशीन आहे, मित्रांनो. जुनं वयानं, वापरानं म्हणाल तर जवळजवळ कोरंच. शेंगदाण्याएवढं अंग आणि कानात बसायला मऊ साचा.

चिमी दीड वर्षाची असताना दवाखान्यात आमची गाठ पडली. कान तपासणाऱ्या बाईंनी मला तिच्या कानावर चढवलं आणि पाठीमागं डबा वाजवला. चिमीनं झटकन मान वळवली. आई रडली, वडील हसले आणि मी फुशारलो नाही असं कसं म्हणू?

"जागी असेल तेवढा वेळ घालायचं," बाई म्हणाल्या, "आणि सारखं बोलायचं तिच्याशी. बोलणं शिकायची हीच वर्षं. मागाहून फार जड जातं."

घरात शब्द चालायचा आत्याचा. तिनं मला पाल उचलावी तसं दोन बोटांत धरलं.

"हे पोरीच्या कानात? लोक बहिरी म्हणतील. उद्या स्थळं कशी येणार?"

"वन्सं, दीड वर्षाची आहे ती!"

"म्हणूनच सांगते. केस वाढू देत. कान झाकले की घाला खुशाल."

वडिलांनी मान डोलावली. मान डोलावण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

मी कपाटात गेलो. आत्या दर रविवारी तेल चोपडायची, बोटं लावून केस मोजायची. पण चिमीचे केस कुरळे. वर वाढायचे, बाजूला वाढायचे, कानावर यायचं नाव नाही. "तिचा बाप तरी कुठं चार वर्षांपर्यंत बोलला होता?" आत्या म्हणायची. तो अजून तरी कुठं बोलतो!

एकदा आईनं दार लावून मला बाहेर काढलं. साचा दीड वर्षाच्या कानाचा, कान तीन वर्षांचा. चिमी कळवळून रडली. आत्या आली. मी पुन्हा कपाटात.

पाचव्या वर्षी शाळेत बाईंनी चिमीला नाव विचारलं. ती त्यांच्या ओठांकडं बघत राहिली. मग धावपळ, दवाखाना, नवा साचा. डबा वाजला, चिमी वळली. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

"चिमे, म्हण, आत्या!"

मी एकही अक्षर सांडलं नाही, मित्रांनो. पण चिमीला तो शब्द आणि डबा सारखाच.

"ऐकू येतंय," दवाखान्यातल्या बाई सावकाश म्हणाल्या. "अर्थ लागत नाहीये. तेव्हा सहज आलं असतं, ते आता एकेक शब्द कष्टानं शिकवायचं. किती येईल, सांगवत नाही. खुणांची भाषा तरी शिकवलीत?"

"खुणा? चारचौघांत?" आत्या म्हणाली.

त्या संध्याकाळी आईनं चिमीला मांडीवर घेतलं. "मी तुझ्यासाठी भांडायला हवं होतं गं," ती म्हणाली. पुन्हा पुन्हा म्हणाली. मी सगळं चिमीपर्यंत पोचवलं. चिमीनं आईचे डोळे पुसले आणि तिला काहीतरी हवं असेल म्हणून पाण्याचा पेला आणून दिला.

तुमचं धाकटं भावंड हाकेला वळत नसेल, तर मोठ्यांच्या मागे लागा. आगाऊ म्हणतील, म्हणू द्या. मी कपाटात आणखी दहा वर्षं काढली असती, तरी माझं काही बिघडलं नसतं.