आणि तुम्ही?

वस्तादांनी शाळा सोडल्यानंतरचा पहिला निबंध लिहिला आणि त्याचं पहिलंच वाक्य होतं, 'सर्व जण सुखरूप आहेत.'

लेखनवर्गाच्या बाईंनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "अहो वस्ताद, गोष्ट सुरू व्हायच्या आधीच संपवलीत की! आता पुढची पानं कोणी वाचायची आणि कशाला?"

वर्गात हशा पिकला. वस्तादांना मात्र हसू आलं नाही. लिफ्ट दुरुस्त करण्यात त्यांचे केस पांढरे झाले होते. लिफ्टमध्ये माणूस अडकला की दारापाशी जायचं आणि आधी मोठ्यानं सांगायचं, 'घाबरू नका, तुम्ही सुरक्षित आहात.' बाकी सगळं त्यानंतर. हे न सांगता हत्यारांची पिशवी उघडणाऱ्या शिकाऊ पोरांना त्यांनी शिव्या हासडल्या होत्या.

"माणसाला अंधारात ताटकळत ठेवायचं, ही कुठली रीत?" ते म्हणाले.

"तुमचा माणूस चुकून अडकलेला असतो," बाई म्हणाल्या. "वाचणारा आपल्या पायांनी आत येतो. त्याला थोडं अडकायचंच असतं."

वस्तादांना हे पटलं नाही, पण ते उठून गेले नाहीत. उठून जाणं परवडणारं नव्हतं. त्यांचा डावा गुडघा पार कामातून गेला होता आणि डॉक्टरांनी लिफ्टच्या शाफ्टमध्ये, त्या उभ्या बोगद्यात, उतरायला साफ मनाई केली होती. कंपनीकडे आता त्यांच्यासाठी दोनच जागा होत्या. एक तक्रारींचे फोन घ्यायची, बिनखिडकीच्या खोलीत, कानाला यंत्र लावून. दुसरी नव्या पोरांना शिकवायची. वस्तादांना दुसरीच हवी होती. पण प्रशिक्षण विभागाच्या नव्या मॅडमचं म्हणणं असं की ज्याला स्वतःचा अनुभव सांगता येत नाही तो दुसऱ्याला काय शिकवणार? म्हणून प्रत्येक उमेदवाराने आपल्या कामातला एक प्रसंग लिहायचा आणि निवड समितीसमोर वाचून दाखवायचा.

आता ज्या माणसानं आयुष्यभर 'वायर बदलली, चालू केली' यापलीकडे काही लिहिलं नाही, त्यानं काय करावं? त्यानं वाचनालयातल्या लेखनवर्गात नाव घातलं. वर्ग वरच्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही! वस्ताद कठडा धरून एकेक पायरी चढत आणि वर पोचले की जिना बांधणाऱ्याचा उद्धार करत.

पण शिकायला बसले की हटत नसत. निवेदक, प्रसंग, तपशील, संवाद, कळस असे शब्द बाई फळ्यावर लिहीत आणि वस्ताद प्रत्येक शब्द सुट्या भागासारखा हातात घेऊन बघत. हा काय काम करतो? कुठे बसतो? काढला तर काय बंद पडेल?

"कळस नेमका कुठे बसवायचा?" त्यांनी एकदा विचारलं.

"पाया झाल्यावर," बाई म्हणाल्या. "तुम्ही आधी कळस मग पाया करता."

मग बाईंनी तपशील शिकवला. नुसतं 'इमारत जुनी होती' म्हणू नका, जुनेपण दिसू दे, ऐकू येऊ दे. वस्ताद कामाला लागले. पुढच्या निबंधात त्यांनी दाराचा रंग घातला, ग्रीसचा वास घातला, जिन्यातल्या दिव्याची गुणगुण, रखवालदाराच्या चपला, भिंतीवरचे ओरखडे, काही म्हणजे काही सोडलं नाही. घरी बायकोला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत ऐकत होती.

"रखवालदाराच्या चपलेचा अंगठा तुटलेला होता हे तुम्हाला आठवतं," ती म्हणाली, "आणि माझा चष्मा बदलून महिना झाला तो अजून दिसला नाही!"

बाईंनी तर कपाळावर हात मारला. "ही गोष्ट आहे की भंगाराचं दुकान? जे प्रसंगाला हलवतं तेवढंच ठेवा."

वस्तादांनी निमूटपणे अर्धं सामान बाहेर काढलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा काढलं. शेवटी निबंध सुटसुटीत झाला. एक म्हातारे गृहस्थ लिफ्टमध्ये अडकले, केबिन दोन मजल्यांच्या मध्ये थांबली, दार उघडेना, मग मेकॅनिक शाफ्टमधून केबिनच्या छतावर उतरला आणि त्यानं त्यांना बाहेर काढलं. वर्गाने टाळ्या वाजवल्या. बाईंनी वाजवल्या नाहीत.

"यात तुम्ही कुठे आहात?"

"छतावर. लिहिलंय ना."

"तो मेकॅनिक आहे. तुम्ही कुठे आहात? तुम्हाला तेव्हा काय वाटत होतं?"

"काही नाही. काम करत होतो."

"ताकाला जाऊन भांडं लपवू नका, वस्ताद. तुम्ही शेकडो माणसं काढली असतील. मग हेच म्हातारे का निवडलेत?"

वस्तादांनी कागद गोळा केले आणि जिना उतरले. घरी जाताना त्यांना बाईंचा भयंकर राग आला. घरी पोचेपर्यंत तो उतरला, कारण बाईंचं बरोबर होतं आणि ते त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळी त्यांनी स्वयंपाकघराचं टेबल रिकामं केलं आणि जे कधीच कोणाला सांगितलं नव्हतं ते लिहायला बसले. प्रत्येक ओळीला पेन अडखळत होतं, पण आज त्यांनी टेबल सोडलं नाही.

दुपारी त्यांनी ते बायकोपुढे वाचलं. छतावर उतरल्यावर केबिन अचानक घसरली होती. फार नाही, वीतभर. पण लोखंडाचा तो कर्कश आवाज आणि पायाखालून जमीन गेल्यासारखं होणं. ब्रेक पुन्हा धरेल का, याची त्यांनाच खात्री नव्हती. तरी ते सवयीनं ओरडले, "घाबरू नका, आजोबा, तुम्ही सुरक्षित आहात." आतून म्हाताऱ्याचा आवाज आला, "आणि तुम्ही?"

इतक्या वर्षांत अडकलेल्या एकाही माणसानं त्यांना हे विचारलं नव्हतं. वस्तादांना रडू कोसळलं होतं. छतावर गुडघे टेकून, दोर घट्ट पकडून ते म्हणाले होते, "मला भीती वाटतेय, आजोबा. हात हलत नाहीयेत." आणि आतला म्हातारा शांतपणे म्हणाला होता, "मग बोलत राहा माझ्याशी. घरी कोण कोण आहे?" वस्ताद सांगत गेले. बायकोचं सांगितलं, तिच्या बडबडीचं सांगितलं. बोलता बोलता हात सैल झाले आणि कामाला लागले.

बायकोचे डोळे भरून आले. "एवढं झालं आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीत?" मग डोळे पुसून तिनं व्यवहाराचं बोलून घेतलं. "पण अहो, ते रडण्याचं आणि हात न हलण्याचं काढा. भित्र्या माणसाला पोरं शिकवायला कोण ठेवेल? हातानं धोंडा पाडून घ्याल पायावर."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. वस्तादांनी त्या दोन वाक्यांवर रेघ मारून पाहिली आणि निबंध पुन्हा वाचला. गोष्ट चालत होती, पण छतावर कोणीच नव्हतं. त्यांनी सगळं नव्या कागदावर उतरवलं आणि ती वाक्यं जिथल्या तिथे ठेवली.

निवड समितीत तिघं होते. प्रशिक्षणाच्या मॅडम, एक मुख्य अभियंता आणि कार्यालयातले एक गृहस्थ. वस्तादांनी उभं राहून वाचलं. आवाज एकदा चिरकला, तेव्हा थांबले, पाणी प्यायले, पुढे गेले. 'हात हलत नाहीयेत' या वाक्याला कार्यालयातल्या गृहस्थांनी मान खाली घातली. वाचून झाल्यावर वस्तादांनी कागद टेबलावर ठेवला.

"छान लिहिलंय," अभियंता म्हणाले. "पण मला पटत नाही. नव्या मुलांना पहिल्याच दिवशी हे ऐकवलंत तर निम्मी पळून जातील. तेवढा भाग वगळाल का?"

"नाही, साहेब," वस्ताद म्हणाले. "तो वगळला तर मी तिथं नव्हतोच."

"तुम्ही तेव्हा वरिष्ठांना कळवलं होतं? हात गोठल्याचं?" मॅडमनी विचारलं.

"केबिन घसरली ते कळवलं. हातांचं नाही."

"का?"

"कोणी सांगत नाही, मॅडम. विचारलं तरी 'काही नाही' म्हणतात. मीही तेच म्हणालो असतो."

"मग ही मुलं तरी तुम्हाला का सांगतील?"

"मी आधी सांगितलं तर सांगतील. आणि त्यांनी सांगितलं तर त्या दिवशी मी त्यांना वर पाठवणार नाही."

अभियंत्यांनी मॅडमकडे पाहिलं. मग स्वतःच कागद उचलून परत वस्तादांच्या हातात दिला. "काही वगळू नका," ते म्हणाले.

"गुडघा कसा आहे?" मॅडमनी विचारलं.

कंपनीत हा प्रश्न त्यांना पुष्कळांनी विचारला होता आणि वस्तादांचं उत्तर कायम एकच असे, 'एकदम ठणठणीत.'

"दुखतो," ते म्हणाले. "फार दुखतो. आत्ता उभं राहवत नाहीये."

मॅडम उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि स्वतःची खुर्ची त्यांच्यामागे ठेवली. "बसा, सर," त्या म्हणाल्या. "तुमचा वर्ग तळमजल्यावर घेऊ."

वस्ताद बसले. त्यांना आजवर कोणी सर म्हटलं नव्हतं.