बीमच्या टोकाचा खळगा

सोफावाल्याचा जगात कुणावर म्हणून विश्वास नव्हता, आणि त्यात त्याचा तरी काय दोष? वीस वर्षं तो लोकांचे सोफे उसवत होता. "आत एक नंबर फोम आहे हो," असं छातीठोकपणे सांगून विकलेल्या सोफ्यांतून त्याने पोत्याचे तुकडे काढले होते, रद्दी काढली होती, एकदा तर अख्खी विजार काढली होती, नाडीसकट. तेव्हापासून कोणतीही वस्तू समोर आली की हा आधी ती उलटी करणार. माणसं उलटी करून बघता येत नाहीत, याचंच काय ते त्याला वाईट वाटायचं.

त्यामुळे कोचबाई जेव्हा म्हणाल्या, "घरी बीम घेऊ नका," तेव्हा त्याच्या मनात लगेच पाल चुकचुकली.

बीम म्हणजे जिम्नॅस्टिक्समधली एक लांबलचक लाकडी पट्टी. रुंदी जेमतेम तळहाताएवढी, वर फोम आणि मऊ कापड, खाली पाय. सोफावाल्याची नऊ वर्षांची लेक, जिला घरीदारी सगळे भिंगरीच म्हणत, त्या पट्टीवर चालायची, उड्या मारायची, गिरक्या घ्यायची. आणि कार्टव्हील करायला गेली की पडायची. हात टेकले, पाय वर गेले, पाय खाली आले की धप्प! दोन महिने हेच चाललं होतं. दीड महिन्यावर संघाची निवड आली होती. आणि गेल्या शनिवारी भिंगरीने घरी येऊन पिशवी कोपऱ्यात भिरकावली आणि म्हणाली, "मला नाही जायचं आता. सोडून देते मी."

जी पोर चार वर्षं पलंगावरून जमिनीवर कधी सरळ उतरली नव्हती, कोलांटी मारूनच उतरायची, ती सोडून देते म्हणाली.

पण सोफावाल्याचं निदान तयार होतं. आठवड्यातून तीन दिवस तो तिला क्लासला घेऊन जायचा आणि हॉलच्या काचेच्या खिडकीशी दोन तास उभा राहायचा. बाकीचे आईबाप बाकावर बसून मोबाइल बघत, एकमेकांना पोरांची कौतुकं सांगत. हा मोजत असे. दोन तासांत भिंगरीला बीमवर नऊ पाळ्या! नऊ! बाकीचा वेळ ती रांगेत उभी, हाताला खडूची पूड चोळत आणि पुढच्या मुलीच्या वेणीशी खेळत. एवढ्याशा सरावात कुणाला काय जमणार, कपाळ? घरी बीम असला तर नऊच्या नव्वद पाळ्या होतील, पोर पडायची थांबेल, सोडण्याचं खूळ डोक्यातून जाईल. सरळ हिशेब होता.

"घरी नको," कोचबाई म्हणाल्या. "चुकीची सवय लागली तर ती मोडण्यात वर्ष जातं. आणि तिला जमतं हो. गेल्या मंगळवारी तीनदा केलं तिने, एकदाही न पडता."

मंगळवारी नेमकं एका हॉटेलच्या खुर्च्यांचं काम निघालं होतं. सोफावाला भिंगरीला दारात सोडून गेला होता. वा रे वा! म्हणजे मी बघत नसतो तेव्हाच बरं हिला जमतं?

"शेंडी लावते ती बाई मला," घरी आल्यावर तो बायकोला म्हणाला. "पोर घरी शिकली तर हिच्या क्लासला कोण जाईल? म्हणून नको म्हणते."

"अहो, ऐकायचंच नव्हतं तर त्यांना विचारलं कशाला मग?" बायको म्हणाली. ती शिवणयंत्रावर गाद्यांच्या खोळी शिवत होती आणि मान वर न करता बोलायची तिला सवय होती.

"ती काय म्हणते ते बघायला."

"मग बघितलंत ना? आता उठा, ती कड धरा जरा."

चार दिवसांनी त्याला जाहिरात सापडली. घरगुती सरावाचा बीम, आठ फुटी, मुलगी मोठी झाली म्हणून विकणे आहे, क्वचित वापरलेला. किंमत नव्याच्या निम्मी. 'क्वचित' हा शब्द त्याने तीनदा वाचला. त्यात नक्की पाणी मुरत होतं. पण जायला तर हवंच. रविवारी सकाळी त्याने भिंगरीला व्हॅनमध्ये बसवलं आणि निघाला. वाटेत तिने तोंडातून ब्र काढला नाही.

विकणारे गृहस्थ दातांचे डॉक्टर निघाले. खाली दवाखाना, वर घर. डॉक्टर दार उघडल्यापासून हसत होते. सोफावाल्याला ते हसणं काही आवडलं नाही, पण दात दाखवणं हा त्यांच्या धंद्याचाच भाग असेल, असं म्हणून त्याने सोडून दिलं.

बीम वरच्या मजल्यावर मागच्या खोलीत होता. गुडघ्याएवढा उंच, कापड स्वच्छ, रंग ताजा. फारच ताजा. डॉक्टरांची मुलगी, पंधरा-सोळा वर्षांची, दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. डोळ्यांवर चष्मा, हातात मिटलेलं पुस्तक, त्यात पान राखायला बोट. तिला बीम विकला जाण्याचा आनंद होता की दुःख, काही कळत नव्हतं.

सोफावाला सरळ जमिनीवर आडवा झाला आणि बीमच्या खाली डोकं घातलं. कापड खालून पिनांनी ठोकलेलं होतं. त्या पिनांच्या शेजारी जुनी भोकं होती. त्या भोकांच्या शेजारी आणखी जुनी भोकं होती.

"डॉक्टर," तो खालूनच म्हणाला, "हे कापड दोनदा बदललंय."

डॉक्टरांचं हसू जरा ओशाळलं. "तुमच्यापासून काय लपणार? खरं सांगू? खूप वापरलाय. पण तसं लिहिलं तर घेणार कोण?"

"अस्सं!" सोफावाला बाहेर आला. चोर पकडल्यावर माणसाला जो आनंद होतो, तो त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. "मी आत बघितल्याशिवाय घेत नाही. पकड घेऊन येतो गाडीतून."

"खुशाल बघा. तोवर बेबीला चढू दे की वर."

तो जिना उतरला, व्हॅनमधून पकड आणि पिनांची गन घेतली आणि परत आला. खोलीत पाऊल टाकतो तर भिंगरीचे पाय वर! त्याच क्षणी तिची नजर त्याच्यावर पडली, कंबर लचकली आणि ती धप्पकन बाजूला आली.

"आत्ता दोनदा बरोब्बर केलं हिने," डॉक्टरांची मुलगी म्हणाली. "खरंच, काका."

असं का? बापाने बीम खपवायचा आणि लेकीने साथ द्यायची! सोफावाल्याने बीम एका अंगावर कलंडवला आणि एका टोकापासून पिना उपटायला सुरुवात केली.

डॉक्टरांना मात्र आता बोलायची हुक्की आली होती. "दोन वर्षं, रोज संध्याकाळी एक तास. मी खाली पेशंट बघत असायचो. वर धप, धप, धप! पेशंट विचारायचे, डॉक्टर, हा कसला आवाज? मी म्हणायचो, अहो, माझी मुलगी सराव करतेय. रूट कॅनल करताना मला त्या आवाजाने हुरूप यायचा, काय सांगू तुम्हाला! पुढे दहावी आली आणि सोडावं लागलं. पण मेहनत बघा. या टोकाचं कापड तर दोनदा विरून गेलं."

सोफावाल्याने कापड मागे दुमडलं आणि त्याचा हात थांबला.

टोकाशी फोम दबलेला होता. साधा नाही, चांगला खोल खळगा पडला होता, वीत-दीड वीत लांब. असा खळगा तो रोज बघत होता. आजोबांच्या खुर्चीत असतो, दुकानदाराच्या गल्ल्यामागच्या स्टुलावर असतो. पायांनी कापड घासतं, फाटतं, पण फोम असा बसत नाही. असा फोम बसतो तो एका जागी तासन्‌तास माणूस बसल्यामुळे. त्याने आणखी पिना काढल्या आणि मधल्या भागावर अंगठा दाबला. तिथला फोम ताठ होता, जसा कारखान्यातून आला तसाच्या तसा. या बीमच्या मध्यावर दोन वर्षांत कुणी चार-आठ दिवसांपलीकडे उभं राहिलेलं नव्हतं.

त्याने मान वर केली. दारातल्या मुलीचा चेहरा पांढराफटक पडला होता. पुस्तकातलं बोट निसटलं होतं.

"बघा, फोमसुद्धा दबला!" डॉक्टर अभिमानाने म्हणाले. "पोरीने जीव ओतला हो त्यात."

सोफावाल्याने आयुष्यात कुणाची लबाडी पोटात ठेवली नव्हती. गिऱ्हाइकाची नाही, व्यापाऱ्याची नाही, सख्ख्या मेव्हण्याची नाही. शब्द अगदी जिभेच्या टोकावर आला होता. पण ती पोर त्याच्याकडे बघत होती, आणि डॉक्टर बीमवरून असा हात फिरवत होते की त्याच्याने बोलवेना.

"हो," तो म्हणाला. "दिसतंय. मेहनत दिसतेय."

त्याने फोमवर कापड ओढलं, ताणून बसवलं आणि एकेक पीन पुन्हा ठोकली. इतकं नेटकं काम त्याने पैसे घेऊनही क्वचित केलं असेल. डॉक्टर चहा सांगायला आत गेले आणि भिंगरी त्यांच्या खिडकीतल्या काचेच्या भांड्यातला मासा बघायला धावली, तशी ती मुलगी पुढे आली.

"काका, बाबांना सांगू नका."

"काय करायचीस गं तास तास बसून?"

"वाचायचे. मधून मधून दोन्ही टाचा आपटायच्या जमिनीवर."

"दोन वर्षं? अगं, एकदा सांगून टाकायचं ना, नाही आवडत म्हणून!"

"पहिल्या महिन्यात सांगणारच होते," ती म्हणाली. "पण त्यांनी पेशंटना सांगायला सुरुवात केली होती. मी जिन्यात उभी राहून ऐकलं. मग कसं सांगणार?"

चहा आला. सोफावाल्याने तो एका घोटात संपवला, कळवतो म्हणाला आणि लेकीला घेऊन खाली उतरला. तोंड कडू झालं होतं, आणि चहा तर चांगला गोड होता.

व्हॅन सुरू होते न होते तोच भिंगरी म्हणाली, "घेऊया ना, बाबा."

येताना मुकी असलेली पोर आता बोलायला लागली. सोफावाल्याने कान टवकारले. "का गं? एकाएकी काय झालं?"

"असंच."

"असंच म्हणजे काय?"

"आपण तो आतल्या खोलीत ठेवू. त्या खोलीचं दार लागतं."

"दार कशाला लावायला हवं?"

भिंगरी गुडघ्यावरची खपली नखाने टोकरत बसली. सोफावाल्याने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. काही विचारलं नाही. हे त्याला फार जड गेलं.

"मग मी पडले तर तुला दिसणार नाही," ती शेवटी म्हणाली.

"मला दिसलं तर काय बिघडलं?"

"पाय वर गेले ना, की मला खिडकी उलटी दिसते. तिच्यात तू असतोस. आणि तू असा करतोस." तिने ओठ घट्ट मिटले, डोळे बारीक केले आणि बोटांवर मोजल्यासारखं केलं. नक्कल इतकी हुबेहूब होती की सोफावाल्याला क्षणभर स्वतःचाच राग आला, आणि मग तिचा.

"म्हणजे माझ्यामुळे पडतेस तू?"

"नाही, नाही. मी असं कुठे म्हटलं?" ती घाईघाईने म्हणाली. आणि लगेच हसली. खोटं, बापाला बरं वाटावं म्हणून केलेलं हसू. नऊ वर्षांच्या पोरीला ते छान जमलं होतं. आणखी सहा वर्षांनी ही कुठल्या चौकटीला टेकून उभी असेल, ते सोफावाल्याला लख्ख दिसलं.

"बीम घ्यायचा नाही," तो म्हणाला. तिचा चेहरा पडला, तसा तो पुढे म्हणाला, "आणि मी खिडकीशी उभा राहणार नाही. तुला जायचं तर जा, नाही जायचं तर नको जाऊ. मी फक्त सोडणार आणि आणणार."

"नक्की?"

"नक्की."

"मग बाकावर बसणार?"

"बाकावरही नाही. दुकानात जाणार."

मंगळवारी चार वाजता भिंगरी पिशवी घेऊन तयार होती.

सोफावाल्याने गाडी फाटकापाशी उभी केली आणि खाली उतरला नाही. भिंगरी आत गेली. अर्ध्या मिनिटात परत फाटकाशी आली आणि गाडी आहे का ते बघितलं. त्याने हात हलवून गाडी सुरू केली. आरशात बघतो तर ही अनवाणी पायांनी रस्त्याच्या मधोमध उभी, कंबरेवर हात ठेवून, बाप खरंच वळतो की कोपऱ्यावर थांबतो ते तपासत! पोटच्या पोरीचा त्याच्या शब्दावर काडीचा विश्वास नव्हता. त्याला इतकं लागलं की डोळे भरून आले, आणि तक्रार करायला तोंड कुठे होतं? तो वळला आणि दुकानात गेला. दोन तासांत त्याने एक उशी तीनदा उसवली.

सहा वाजता ती गाडीत येऊन बसली. केस विस्कटलेले, पायांना पांढरी पूड. त्याने गाडी सुरू केली. ती बराच वेळ त्याच्याकडे तिरक्या नजरेने बघत होती.

"विचारणार नाहीस?"

"नाही."

"कोचबाईंना फोन केलास?"

"नाही गं बाई!"

तिने त्याचा फोन उचलला, उघडला, बोटाने खाली-वर करून बघितला आणि जागेवर ठेवला. मग पाय वर घेऊन मांडी घातली.

"सात वेळा पडले," ती म्हणाली. "सात! एकदा तर बाबा, अशी पडले ना, सरळ कोचबाईंच्या अंगावर! त्यांच्या शिट्टीची दोरी माझ्या वेणीत अडकली आणि त्या ओरडतायत, तर शिट्टीच वाजतेय…" पुढचं तिला हसण्यामुळे बोलता येईना. सोफावाला इतका हसला की त्याला सिग्नल सुटलेला कळला नाही, आणि मागचे लोक हॉर्न वाजवायला लागले.