ऑक्स म्हणजे बैल

सिद्धूच्या तुरीची अकरा पोती शेवटी बैलाच्या नावाने मुंबईला गेली. हे वाचलं असेल तर विसरून जा. निजामी सन १३४६ फसलीतल्या, म्हणजे इंग्रजी १९३७ मधल्या, त्या मंगळवारी सकाळी असं काही घडलेलं नव्हतं, घडायचं चिन्हही नव्हतं, आणि सिद्धू जवसाच्या तेलात काजळी घोटत बायकोला सांगत होता की यंदा आपल्या पोत्यांवर आपलाच शब्द.

"कोन्ता?" बाणूबाई म्हणाली. "वीस वर्सं लोकास्नी वाटत बसलाव तुमी. घरात एकबी कामून ठिवला न्हाई?"

"एक उरलाय. पर त्याचा अर्थ इचारला की मास्तरांना खोकला येतो."

"मग नको. अकरा पोत्यांवर खोकला कोन घेतंय."

सिद्धू गुलबर्ग्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, पोत्यांवर मार्के मारायचा. मुंबईच्या खरेदीदाराची अट होती की पोत्यावर इंग्रजी शब्द हवा आणि त्यात फुलीचं अक्षर, म्हणजे एक्स, हवं. फुली दिसली की ही गुलबर्ग्याची तूर, असं तिकडे ओळखत. डब्याच्या पत्र्यात अक्षरं कापायची, पत्रा पोत्यावर धरून काजळी फिरवायची; त्या पत्र्यात तीनच अक्षरं मावत. तेवढ्यात बसणारे फुलीचे शब्द किशनराव मास्तर डिक्शनरीतून काढून देत आणि अर्थ सांगत. अर्थ लागायचाच, कारण मोंढ्यातल्या हमालांना वाचता येत नव्हतं. ते अर्थानेच हाका मारत. "कोल्ह्याची पन्नास चढवा, पेटीची राहू द्या," असं दिवसभर चालायचं आणि कुणाला त्यात वावगं वाटत नसे.

एक शब्द एकाच घराचा. काशप्पाकडे फॉक्स, म्हणजे कोल्हा. बसवकल्याणच्या आप्पारावांकडे बॉक्स, म्हणजे पेटी. व्हेक्स म्हणजे छळणे. तो गुरप्पाने सासऱ्यांना भेट म्हणून घेऊन दिला. पॉक्स म्हणजे देवी, अंगावर येतात त्या. हा कुणी घेईना, तर मन्नाएखेळ्ळीचे अंकुशराव म्हणाले, "देवी हाय नव्हं? आन इकडं." मिक्स ज्याला दिला त्याने अर्थ विचारला नाही, आणि त्याची तूर पाहिलेल्यांनी सांगितलाही नाही.

सिद्धूला स्वतःचा शब्द हवा होता त्याचं कारण साधं होतं. त्याच्या बापाने जन्मभर मेंढरं राखली, पण दुसऱ्याची, दुसऱ्याच्या गेरूची खूण असलेली. सिद्धूने स्वतःची मेंढरं केली, ती विकून जमीन घेतली, आणि तिच्यातली ही पहिली तूर. बाणूबाईने भावकीत सांगून ठेवलं होतं की पोती आमच्या खुणेची जाणार.

आणि एक शब्द मोकळा झाला होता. ऑक्सवाले ईरण्णा महिन्यापूर्वी वारले. मूलबाळ नव्हतं. वारस नसेल तर पत्रा मार्केवाल्याकडे परत, हा रिवाज सिद्धूनेच घातलेला. तो निर्धास्त निघाला.

ईरण्णांची बायको निलम्मा ओसरीवर तूर निवडत होती.

"अक्का, पत्रा न्यायला आलोय."

"ठावं हाय." तिने आतून पत्रा आणला. स्वच्छ फडक्यात गुंडाळलेला. पण तो तिने मांडीवरच ठेवला. "सिद्धूअण्णा, बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतंय."

"न्हाई घ्यायचं."

"पर मार्का घ्यायला कुनाची मनाई हाय? लगीन झाल्यावर नऊ वर्सं नुसतं 'अवं, ऐकलं का' केलं. तू ह्यो शब्द दिलास तवापासनं मी त्यास्नी ऑक्स म्हनायची. ऑक्स, जेवायला या. ऑक्स, पानी तापलंय."

"अक्का, ऑक्स म्हंजी बैल."

"त्यास्नीबी ठावं हुतं. यायचे."

सिद्धूने पत्रा घ्यायला हात पुढे केला.

"आता तू नेलास तर ऑक्स तू," निलम्मा म्हणाली. "संध्याकाळी दिवा लावताना मी आपली म्हनते दोन येळा. परक्या मानसाला कसं म्हनू?"

सिद्धूने हात मागे घेतला. सिद्धू म्हणाला, "रिवाज असा हाय अक्का, घरात कुनी हाक मारनारं असंल तर पत्रा घरातच ऱ्हातो."

"कवापासनं?"

"ह्या घडीपासनं."

तिने फडकं सोडलं. "मग तुझी पोतीबी ह्यानंच मार. माझी दोन हायत, त्यांच्या संगं जाऊ दे. ते न्हाई म्हनले नसते."

त्याने तेरा पोत्यांवर ऑक्स मारला. अकरा आपली, दोन तिची. काजळी दाट होती, अक्षरं सुरेख उठली. हमाल म्हणाले, "बैलाची तेरा." सिद्धूने त्यांना बजावलं, "पोती बैलाची. मला बैल म्हनायचं न्हाई. ती जागा भरलेली हाय."

बाणूबाई पोती बघायला मोंढ्यात आली होती. नवीन लुगडं नेसून.

"म्हंजी पुन्यांदा दुसऱ्याचीच खूण," ती म्हणाली.

"ह्या सालापुरती."

एका पोत्याचं तोंड उसवलं होतं, ते तिने दाभण मागून घेऊन शिवलं, गाठ मारली आणि दोरा दाताने तोडला. सिद्धू तसाच मास्तरांकडे गेला आणि म्हणाला, अर्ज लिवा.

"सिद्धू, इंग्रजी शब्द सरकार देत नाही रे."

"आजवर कुनी मागितलाय?"

"नाही."

"मग तुमास्नी कसं ठावं?"

मास्तरांनी टाक बुडवला.

'मेहेरबान तालुकदारसाहेब बहादूर यांचे सेवेशी. अर्जदार सिद्धू, मार्केवाला, मोंढा गुलबर्गा, अदबीने अर्ज करतो ऐसा जे, इंग्रजीतले फुलीचे लहान शब्द वाटून संपले असून अर्जदाराचे घरी एकही शिल्लक नाही. सबब विनंती की, तीन अक्षरांचा, फुली असलेला, आजवर कोणी न वापरलेला एक नवा शब्द पुढील सुगीचे आत मंजूर होऊन मिळावा. अर्थ नसला तरी हरकत नाही. तो अर्जदाराची बायको घरी लावून घेईल.'