काळ्या रायफलची खुंटी

मी एक रायफल बोलतेय. दचकू नका, पोटात गोळी नाही. अंगानं काळी, लाकडाचा तुकडा कुठे नाही, सगळं प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम. दिसते थेट पलटणीतली, पण तिथल्या बहिणींसारखी भडाभडा सुटत नाही. एकदा चाप ओढला की एकच गोळी. चेहराच तसा पडला, त्याला मी काय करू?

माझी मालकीण साइमा अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या उत्तर टोकाला लाकडाच्या गिरणीत काम करते. तिथेच तिचा खांदा निखळला. दोन शस्त्रक्रियांनंतर त्याला जड रायफलचा धक्का सोसेना, म्हणून तिनं मला आणलं. माझा धक्का म्हणजे मांजराची ढुशी.

उन्हाळ्यात तिचे वडील गेले. रानातल्या त्यांच्या खोपटाला सगळे कॅम्प म्हणतात. तिथे भिंतीवर प्रत्येक शिकाऱ्याची एक खुंटी. खुंटीवर बंदूक असेल तर तुम्ही कॅम्पचे, नाहीतर पाहुणे. साइमाला वडिलांची खुंटी हवी होती. हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होण्याच्या आदल्या दुपारी तिनं मला तिथे टांगलं आणि तिच्या आर्वोकाकांनी कॉफीचा कप खाली ठेवला.

"हरणं मारायचीत की देश जिंकायचाय?"

"एक हरीण मिळालं तरी पुरे, काका."

"मग बंदूक आण. हिची गोळी सशाच्या लायकीची. आणि असलं काही हातात आलं की माणूस नेम धरत नाही, नुसता चाप ओढत सुटतो."

"साठ पावलांच्या आत असेल तरच मारीन. नाहीतर नाही."

"उतरव ती. राहायचं तर राहा, बटाटे सोलायला कुणीतरी लागतंच."

काकांची स्वतःची रायफल शेजारीच होती. अक्रोडाचा दस्ता, तेलपाणी केलेला, मोठी घरंदाज. काका तिला खरी शिकारीची म्हणतात. बाई मूळची पहिल्या महायुद्धासाठी घडवलेली. काकांच्या वडिलांनी ती स्वस्तात आणली आणि दस्ता बदलला. फौजेचा शिक्का अजून अंगावर आहे. मी तर फौजेचं तोंडही पाहिलेलं नाही. पण लाकूड बसवलं की मागचं सगळं धुऊन निघतं, असं दिसतंय.

साइमा काकांचीच पुतणी, तेवढीच हट्टी. सकाळी मला घेऊन ती रानात जाऊन बसलीच. एक देखणा नर आला, पण झुडपाआड उभा राहिला. तिनं चाप ओढला नाही. तो निघून गेला. बेफाम गोळ्या झाडणारी म्हणून बदनाम झालेली मी, दुपारपर्यंत गप्प होते.

तेवढ्यात दलदलीकडून घरंदाज बाईंचा आवाज आला. एक. मग दुसरा. मग लागोपाठ दोन. नेम धरणं यालाच म्हणत असावेत.

हरीण जखमी होऊन दलदलीत शिरलं होतं. काकांचे गुडघे तिथे चालेनात. साइमा दोन तास रक्ताचा माग काढत गेली. ते बिचारं देवदाराखाली धापा टाकत पडलं होतं. चाळीस पावलांवरून तिनं माझी ती सशाच्या लायकीची एकच गोळी झाडली. ते शांत झालं. मला त्याचा अभिमान वाटला नाही, सुटकेसारखं वाटलं.

नेम चुकला की सदऱ्याचं टोक कापून भिंतीला ठोकायचं, ही कॅम्पची जुनी रीत. काकांनी न सांगता स्वतःच कात्री घेतली, स्वतःचा सदरा कापला, खिळा ठोकला. मग भिंतीकडे बघतच म्हणाले, "टांग ती. बापाच्या जागी."

मी ताठ होऊन खुंटीवर बसले. तेवढ्यात काकांची मुलगी ट्रीना सगळ्यांसाठी मटणाच्या गरम करंज्या घेऊन आली. ती गावातल्या शाळेत शिकवते. मला पाहून ती दारातच थांबली.

"साइमा, खुंटी तुझीच. हरणाला ही चालत असेल, मी वाद घालत नाही. पण मी सात वर्षांच्या पोरांना कपाटाआड श्वास रोखून बसायला शिकवते. असलीच बंदूक घेऊन कुणी शाळेत शिरेल, या भीतीनं. जेवताना ही समोर नको."

 

साइमानं मला उतरवलं आणि खुंटीवर वडिलांची शिकारीची नारिंगी टोपी अडकवली. आता मी तिच्या पलंगाखालच्या पेटीत असते. हरणाचा वाद मी जिंकले म्हणतात. माझं एवढंच मागणं आहे, झाकण लावाल तेव्हा कुलूपही लावा.